गणिताचे सर आणि परत ठेवलेल्या भाकरी

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बॅग भरत होतो आणि बायको दारात उभी राहून बघत होती. तक्त्यांची भली मोठी गुंडाळी, स्केचपेनांचे जुडगे, चिकटपट्ट्या, टाळ्यांच्या तालावर म्हणायच्या गाण्यांचे कागद आणि पिवळ्या लोकरीचा एक गुंडा. तिने ते सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही शिक्षकांना शिकवायला निघालाय की कोणाच्या बारशाला?"

मी तिला समजावलं की आधुनिक प्रशिक्षणात शिकवायचं नसतं, शिकतं करायचं असतं. ती "बरं" म्हणाली आणि बनियन किती घेतलेत ते मोजायला लागली.

माझा धंदा असा की मी शिक्षकांना प्रशिक्षण देतो. त्यातही मी वरच्या पायरीवरचा. मी काही जणांना शिकवतो, ते तालुक्यातल्या काही जणांना शिकवतात, ते केंद्रातल्या शिक्षकांना आणि शिक्षक मुलांना. वरून ओतलेलं खाली पोचेपर्यंत त्याचं काय होतं, हे बघायला मी कधी खाली उतरलो नव्हतो. या वेळी मात्र बीड जिल्ह्यातल्या गेवराईला तीन दिवस थेट शिक्षकांसमोरच उभं राहायचं होतं. गेल्या काही वर्षांत तिकडे गावोगावच्या शाळांना वरचे वर्ग जोडले गेले होते. पाचवीची शाळा सातवीची झाली, सातवीची आठवीची. वर्ग वाढले की शिक्षकही तयार करायला हवेत, आणि ते तयार करणारा पुण्यात माझ्याशिवाय कोण आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

बीडच्या एसटीत माझ्या शेजारी धोतर-टोपीतले एक आजोबा बसले होते. नगर मागे पडल्यावर त्यांनी चौकशी सुरू केली.

"काय करता?"

"शिक्षकांना शिकवतो."

"म्हंजे त्यांना येत न्हाई व्हय?"

"तसं नाही, येतं. पण आणखी चांगलं यावं म्हणून."

आजोबांनी बराच विचार केला. "मंग तुमाला कोण शिकवतं?"

मी म्हणालो, मी वाचतो. त्यावर थोड्या वेळाने त्यांनी मला एक सीताफळ दिलं. आजारी माणसाला द्यावं तशा हाताने दिलं.

बीडच्या स्टँडबाहेर रिक्षांच्या गराड्यातून मान वर काढली की शाळाच शाळा दिसतात. म्हणजे शाळांच्या पाट्या दिसतात. हार्डवेअरच्या दुकानावर इंग्रजी शाळा, लॉजच्या शेजारी शिकवणी, आणि विजेच्या खांबाखांबावर गुणवंतांचे फोटो. प्रत्येक पाटीवर 'तज्ज्ञ शिक्षकवृंद' लिहिलेलं होतं. इतके तज्ज्ञ एवढ्या लवकर कुठून आणले, हे मलाही विचारावंसं वाटलं. रात्री खानावळीत येसरची आमटी (भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ लावलेली, झणझणीत) खाल्ली आणि घाम पुसत उद्याच्या भाषणाची उजळणी केली.

गेवराईचं सभागृह राष्ट्रीय महामार्गापासून हाकेच्या अंतरावर होतं. ट्रकचा हॉर्न वाजला की बोलणारा थांबायचा आणि हॉर्न संपला की तिथूनच पुढे सुरू करायचा. सगळ्यांना त्याची सवय होती, फक्त मी दचकत होतो. पहिल्या दिवशी दहाला प्रशिक्षण सुरू होणार होतं. दहाला सुरू झाला तो सत्कार. मराठवाड्यात पाहुण्याचा सत्कार केल्याशिवाय त्याला बोलू देत नाहीत. आधी माझा झाला, मग माझा सत्कार करणाऱ्यांचा झाला, मग ज्यांनी हार आणले त्यांचा. प्रत्येकाने दोन शब्द सांगतो म्हणून बरेच सांगितले. सत्कारमूर्तीने सगळ्यात शेवटी बोलायचं असतं, त्यामुळे मी शाल पांघरून घामाघूम होत जेवणाच्या सुट्टीपर्यंत नुसता बसून राहिलो. खरं सांगायचं तर मला आवडलं. पुण्यात मला कोणी शाल देत नाही.

दुपारी मी लोकरीचा गुंडा बाहेर काढला. गोल करून उभं राहायचं, आपलं नाव सांगून गुंडा दुसऱ्याकडे फेकायचा, धाग्यांचं जाळं तयार होतं आणि आपण सगळे एकमेकांशी जोडलेले आहोत हे कळतं. जाळं झालं. ते सोडवायला चहाची वेळ टळून गेली. एका गुरुजींचा पाय धाग्यात अडकून ते टेबलावर आपटले, तेव्हा आम्ही खरोखरच सगळे एकमेकांशी जोडले गेलो. त्यानंतर मी 'शिक्षक नव्हे, सुलभक' (म्हणजे शिकणं सोपं करून देणारा) या विषयावर बोललो. मुलाला उत्तर देऊ नका, त्याला प्रश्न पडू द्या, असं म्हटल्यावर नेहमी टाळ्या पडतात. इथेही पडल्या.

टाळ्या थांबल्या तशी मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. पस्तिशीच्या, आवाज बारीक, पण वाक्य सरळ.

"सर, मुलांना प्रश्न पडत्यात. उत्तर मलाच येत न्हाई. मी बी. ए. मराठी हाय. आमच्या शाळेला औंदा आठवीचा वर्ग आला आन् आठवीचं गणित माझ्याकडं दिलंय. तुमी गणित शिकवणार का?"

नेमका तेव्हा हॉर्नही वाजला नाही. मी म्हणालो की आशयापेक्षा पद्धत महत्त्वाची असते. बाई म्हणाल्या, "पद्धत लई प्रशिक्षणांत ऐकली, सर. शौचालयाच्या फोटोचं प्रशिक्षण झालं, अ‍ॅपचं झालं, खेळाचं झालं. गणिताचं कोणीच घेत न्हाई."

त्यांच्या शेजारी बसलेले गृहस्थ हळूच उठले. ते त्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक, शेख सर. पांढरी दाढी, गळ्यात चष्म्याची दोरी. ते म्हणाले, "मॅडम बराबर बोलतात, सर. वर्ग बढले, खोल्या बढल्या, मास्तर तेवढेच हायेत. एक रोज आमच्या शाळेत येऊन दावा ना."

एवढ्या लोकांसमोर, खांद्यावर शाल असताना, नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. शनिवारी येतो म्हणालो. पुन्हा टाळ्या पडल्या.

शनिवारी सकाळी शेख सर मोटारसायकल घेऊन लॉजवर आले. चकलांब्याच्या अलीकडे फुटणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गाव आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझं तिथे जे झालं ते एकाच गावाला माहीत आहे तेवढं पुरे. रस्त्यात वाळूचा एक टिप्पर अंगावरून जावा तसा गेला आणि त्याच्या वाऱ्याने माझ्या काखेतली तक्त्यांची गुंडाळी उडाली. 'आनंददायी अध्ययनाचे सात टप्पे' पांढऱ्याशुभ्र कपाशीत जाऊन पडले आणि दोन तक्ते बाभळीवर चढले. कापूस वेचणाऱ्या बायकांनी ते काढून द्यायची तयारी दाखवली, पण तक्त्यांत आता बाभळीचे काटे जास्त आणि टप्पे कमी उरले होते. मी लोकरीचा गुंडा तेवढा घेऊन शाळेत पोचलो.

वाटेत शेख सरांनी मला खरी गोष्ट सांगितली. त्या दुपारीच शाळेत पालकांची सभा होती. शाळा समितीच्या अध्यक्षांना गावात अण्णा म्हणतात. त्यांचा मुलगा आठवीत. त्याने घरी जाऊन सांगितलं की बाईंना गणित येत नाही. अण्णा त्याचा दाखला काढून गेवराईच्या बसवाल्या शाळेत घालणार होते. त्यांनी काढला की बाकीचेही आपापल्या मुलग्यांचे काढणार, आणि पट कमी झाला की वर्ग बंद.

"आन् पोरी?" शेख सर मान न वळवता म्हणाले. "पोरींना बसमधी कोण घालतंय? गेल्या साली आठवी न्हवती, तर सातवी झालेल्या सगळ्या पोरी घरी बसल्या. ह्या कपाशीत बघा, त्यातल्याच हायेत."

मी पाहिलं. माझे तक्ते उचलायला धावलेल्यांत एक तशीच होती.

शाळा छान होती. लिंबाचं झाड, निळ्या रंगाची नवी खोली, दारावर ताज्या अक्षरांत 'इयत्ता आठवी'. अक्षरं बाईंनी स्वतः रंगवली होती. सकाळची शाळा सुटली आणि आम्ही तिघं ऑफिसात गणिताचं पुस्तक उघडून बसलो. बाईंचं नाव सुनंदा. त्यांचं घोडं कंसापाशी अडलं होतं. कंसाच्या बाहेर वजा असला की आतली सगळी चिन्हं बदलतात, हे मी त्यांना ऐटीत सांगितलं. तेवढं मला आठवत होतं.

"कावून?" बाईंनी विचारलं. (कावून म्हणजे का. पण हा 'का' पुण्यातल्या 'का'सारखा लाजत येत नाही.)

"नियम आहे."

"पोरी बी मला हेच विचारत्यात, कावून. मी बी हेच सांगते, नियम हाय. मंग त्या माझ्या तोंडाकडं बघत्यात."

आता बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी पुस्तक उलटंपालटं केलं. मुलांना प्रश्न पडू द्या म्हणून मी राज्यभर टाळ्या घेतल्या होत्या. माझ्यावर मात्र हा प्रश्न आता पहिल्यांदाच येऊन आदळला होता. मी सुचवलं की आधी जेवून घ्यावं.

बाईंच्या डब्यात सात ज्वारीच्या भाकरी होत्या, शेंगदाण्याचा ठेचा आणि वांग्याचं कालवण. त्यांनी माझ्या ताटात सरळ चार भाकरी ठेवल्या. मी पुण्याचा. "अहो, एवढ्या कुठे" म्हणत दोन परत डब्यात टाकल्या. शेख सर हसले. "मॅडमनी चार दिल्या, सरांनी दोन वापस केल्या."

बाईंचा हात ठेच्यावरच थांबला.

"सर, सात होत्या. त्यातल्या चार वजा केल्या. चारातल्या दोन तुमी परत ठिवल्या. आता डब्यात पाच हायेत." त्या उठून फळ्यापाशी गेल्या आणि लिहिलं: ७ − (४ − २). "मी काल वर्गात केलतं तसं, आतलं चिन्ह न बदलता केलं, तर सातातून चार गेल्या, आणिक दोन गेल्या, येकच राहिली पायजे. पण तुमी दोन घेतल्या न्हाईत. परत ठिवल्यात. म्हणून त्या अधिक."

आम्ही तिघांनीही डब्यात डोकावून भाकरी मोजल्या. पाचच होत्या. इतकी वर्षं ज्याला मी नियम म्हणत आलो तो त्या डब्यात पडला होता, आणि मला मनापासून आनंद झाला. अर्थात पहिल्याच घासाला मी म्हणालो, "याला आम्ही कृतीतून शिक्षण म्हणतो," जणू काही त्या दोन भाकरी मी ठरवून परत ठेवल्या होत्या. भूक मात्र चार भाकरींची होती.

मग तासभर आम्ही गणितं सोडवली. बाई चुकायच्या, खोडायच्या, पुन्हा करायच्या. मी त्यांना शहाणपणाने बजावलं, "घाईघाईत लोक पहिलं चिन्ह बदलतात आणि दुसरं विसरतात. तेवढं सांभाळा."

सभेला अंगण भरलं. पुढे खुर्च्यांवर पुरुष, ओट्यावर बायका, बाजूला आठवीच्या मुली नवीन ओढण्या घेऊन उभ्या. मी दिसताच हलगी वाजली. मला वाटलं, असेल इथली पद्धत. एकाने शाल दिली, एकाने नारळ, आणि एक जण माझ्या डोक्याला फेटा बांधायला लागला. मग अण्णा उठले. आडवा बांधा, पांढरे कपडे, आवाजाला माईकची गरज नाही.

"आपण सालभर मागणी करत होतो," अण्णा म्हणाले, "आन् आज आपल्या शाळेला गणिताचे सर मिळाले. खास पुण्यावरून आले."

मी शेख सरांकडे पाहिलं. शेख सर लिंबाच्या शेंड्याकडे पाहत होते.

"तुम्ही यांना काय सांगितलंय?" मी त्यांच्या बाहीला धरून विचारलं.

"पुण्याचे सर गणित दावायला येणार, एवढंच बोललो. कितने दिन, ते कोणी विचारलं न्हाई," ते कुजबुजले. "मान हलवू नका, फेटा ढिला होतो."

मी लगेच उठून सांगायला हवं होतं. पण सत्कारमूर्ती सगळ्यात शेवटी बोलतो. शिवाय ऑफिसच्या खिडकीच्या काचेत मी मला दिसत होतो आणि फेटा मला फार शोभत होता. एकामागून एक लोक बोलले. एकाने मला रामानुजनांच्या पंक्तीत बसवलं. मी मूग गिळून बसलो. मग मुलींनी स्वागतगीत म्हटलं. गाताना त्यातली प्रत्येक जण माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात कौतुक नव्हतं, सुटका होती. आता वर्ग टिकणार, असं त्यांना वाटलं होतं. मला माझी लाज वाटली. गाणं संपायच्या आत मी उभा राहिलो.

"मी तुमचा गणिताचा सर नाही," मी म्हणालो. "मी प्रशिक्षण द्यायला आलोय. उद्या पुण्याला परत जाणार."

हलगीवाल्याने हातातली टिपरी खाली ठेवली. अण्णा बराच वेळ माझ्या फेट्याकडे बघत राहिले.

"मंग दाखले काढायला आमी मोकळे," ते म्हणाले.

"बाईंना येतं," मी म्हणालो. "आम्ही सकाळपासून बसलोय. मी तुम्हाला इथेच दाखवतो, किती सोपं आहे ते."

हे वाक्य माझ्या तोंडून का निघालं, देव जाणे. 'बाई दाखवतील' म्हणायला हवं होतं. पण फेटा बांधलेला माणूस 'मी' म्हणतो. अण्णांच्या मुलाने पुस्तकातलं गणित वाचलं आणि मी ते अंगणातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: वीस वजा, कंसात एक्स वजा पाच, बरोबर आठ. कंस सोडवला. खडूचा झटका देत खाली लिहिलं, एक्स बरोबर सात. आणि टाळ्यांसाठी थांबलो.

टाळ्या आल्या नाहीत. ओट्यावरून सुनंदाबाईंचा बारीक आवाज आला.

"सर, पाच भाकरी परत ठिवायच्या राहिल्या."

मी पहिलं चिन्ह बदललं होतं आणि दुसरं विसरलो होतो. नेमकं तेच, ज्याबद्दल मी त्यांना मघाशी बजावलं होतं.

बाई खाली उतरल्या. पदर खोचून त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला. "काकू," त्या ओट्यावर बसलेल्या अण्णांच्या बायकोला म्हणाल्या, "टोपल्यात वीस भाकरी हायेत. शेतावर नेण्यासाठी काही काढल्या. किती ते माहीत न्हाई, त्याला एक्स म्हणू. त्यातल्या पाच जास्त वाटल्या म्हणून परत टोपल्यात ठिवल्या. आता टोपल्यात आठ हायेत. तर काढल्या किती?"

ओट्यावर कुजबुज झाली. मुली बोटं मोजू लागल्या. "पाच परत आल्या, म्हंजे त्या अधिक," बाई लिहीत गेल्या, "वीस आन् पाच पंचवीस. पंचवीसातून एक्स गेले, आठ राहिले. एक्स सतरा." मध्येच त्या अडखळल्या, एक ओळ पुसली, पुन्हा लिहिली. घाई केली नाही. मग माझ्या साताकडे वळल्या. "सरांचं सात घेऊन बघू. सात काढल्या, पाच परत ठिवल्या, म्हंजे दोनच नेल्या. टोपल्यात अठरा राहत्यात. आठ न्हाई."

"बराबर हाय," अण्णांची बायको ओट्यावरून म्हणाली. "दोन भाकरीत गड्यांचं काय व्हतंय?"

पहिल्यांदा मुली हसल्या, मग बायका, मग सगळं अंगण. मी फेट्यासकट हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी मुलाला फळ्यापाशी बोलावलं आणि विचारलं, "कळलं का?" मुलगा हो म्हणाला. "मंग घरी काय सांगितलंतं?"

अण्णा खुर्चीत बसले. "बाईला येतंय की," ते म्हणाले. "दाखले सहामाहीपस्तोर तसेच राहू द्या. सहामाहीला बघू." मग माझ्याकडे वळून, अगदी आपुलकीने, "सर, तुमी जरा बाईंकडं येत जावा."

निघताना मी फेटा काढून परत द्यायला गेलो. त्यांनी घेतला नाही. सत्कार परत घेत नाहीत म्हणाले. लोकरीचा गुंडा मात्र मुलींनी मागून घेतला. दारासाठी तोरण करणार होत्या. प्रशिक्षणाच्या इतक्या वर्षांत त्या गुंड्याचा कोणाला तरी उपयोग होताना मी प्रथमच पाहत होतो.

परतीच्या एसटीत फेटा मांडीवर घेऊन मी बसलो होतो. मला लोकांनी पुष्कळदा चांगले अभिप्राय दिले आहेत. सत्र रंजक झालं, सरांची शैली ओघवती आहे, वगैरे. पण मी शिकवलेलं कोणी माझ्याच चुकीवर वापरून दाखवलं, असं त्या दिवसापर्यंत कधी झालं नव्हतं. माझं एवढं एकच प्रशिक्षण खाली पोचलं होतं, आणि तेही मी अर्धपोटी राहिल्यामुळे. शाळा भराभर वाढतायत, आणि शिकवणाऱ्याला शिकायला कोणाजवळ बसायचं ते मात्र कोणी सांगत नाही. मला वाटायचं, ते काम मी करतो. मी लोकर फेकत होतो.

घरी पोचल्यावर बायकोने फेटा पाहिला. "बारसं झालं वाटतं," ती म्हणाली.

आता दर रविवारी सकाळी सुनंदाबाईंचा फोन येतो. सहामाहीपर्यंत पुस्तक अर्धं व्हायला हवं, आणि आम्हा दोघांनाही ते येत नाही. मी टेबलावर आठवीचं गणित उघडून बसतो. बायको जाता-येता बघते, पण चिडवत नाही, हे मला जास्त लागतं. गेल्या रविवारी बाईंनी आधी मुलींचं सांगितलं. सगळ्या येतात. कपाशीतली, गेल्या वर्षी सातवी होऊन घरी बसलेली, ती एक जण पण परवा दारात येऊन उभी होती. आत बसू का म्हणाली. बाईंनी तिला आठवीत बसवलं.

मी नुसताच हं म्हणालो.

"सर," बाई म्हणाल्या, "मागच्या हप्त्यात सांगितलेलं पुढचं प्रकरण वाचलं का?"

मी हो म्हणालो. वाचलं नव्हतं.

"मंग सांगा बरं," बाई म्हणाल्या, "त्यात काय हाय?"